सोन्याची मांजर आणि घरातील मनी



मांजर मारल्याचे पाप लागले तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले असेल. आम्ही काशीतच राहणारे. त्यामुळे देशावरून येणारे पाहुणे आम्हांला थट्टेने विचारीत, ‘काय हो, वर्षाकाठी किती सोन्याच्या मांजरी येतात?’ मी तरी अद्याप एकही पाहिलेली नाही. परंतु या समजुतीत मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. मांजर मारणाऱ्यासाठी आपल्या परंपरेने एवढे महागडे प्रायश्चित्त सांगितले. मात्र मांजर गेल्यावर जो मागे राहतो, त्याने काय करावे याविषयी ती काहीच बोलत नाही. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी.

माझी आत्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. ही जागा आपल्याला परकी नाही. दक्षिणेला बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट, त्यापलीकडे मणिकर्णिका आणि उत्तरेला थोड्या अंतरावर नागपूरकरांचा भोसले घाट. मधे संकटहारिणी संकठादेवीचे देऊळ. दर शुक्रवारी तेथे स्त्रियांची रीघ लागते. देवळातील दगडी सिंहाकडे बोट दाखवून आत्या म्हणत असे, ‘हा आमच्या मनीचा थोरला काका.’ प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही हे नाते खोटे नव्हे.

आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. एक मुलगा बंगळुरास, दुसरा अमेरिकेत. गल्लीत सारा व्यवहार बनारसी बोलीत. दूधवाला, भाजीवाली, शेजारची मिश्रीण, सगळी जिवाभावाची. पण मराठी कोणाला येत नाही. तेव्हा आत्याचे दिवसभराचे मराठी ऐकायला एकच प्राणी होता. ‘मने, आज वरणात हिंग जास्त झाला गं,’ ‘मने, सरक, पाटावर बसू नकोस,’ असे तिचे अखंड चाले. चौदा वर्षे हा संवाद, की एकपात्री प्रयोग म्हणू, त्या घरात चालला.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेला मोठा पूर आला. घाट पाण्याखाली गेले, मणिकर्णिकेवरील दहन वरच्या गच्चीवर होऊ लागले. त्याच दिवसांत मनीने खाणे सोडले आणि ती देवघराखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. पशुवैद्य चिखल तुडवीत आले. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, असे त्यांनी सांगितले. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

जाता जाता येथे एक व्यावहारिक सूचना करून ठेवतो. मांजर आपले दुखणे लपविते. अंग चाटून स्वच्छ करणे तिने थांबविले, एकांत शोधला, किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर ‘बरी होईल’ म्हणून वाट पाहू नये. आणि माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही देऊ नये; मांजराला ती विषासमान आहे.

त्यानंतरचा प्रश्न होता मातीचा. त्या भागात सारी फरसबंदी. ओंजळभर उघडी जमीन मिळणे कठीण. ‘गंगामाईच्या हवाली करा,’ असे दोघांतिघांनी सुचविले. आत्याने ठाम नकार दिला. ‘जिचे पाणी आपण पितो तिच्यात नाही टाकायची,’ ती म्हणाली. अखेर शहराबाहेर एका स्नेह्यांच्या आंब्याच्या बागेत, चांगला कमरेइतका खड्डा घेऊन मनीला पुरले. परत येताना आत्याने मला विचारले, ‘तिला तारकमंत्र मिळाला असेल ना रे?’ काशीत देह ठेवणाऱ्या प्रत्येक जीवाच्या कानात विश्वेश्वर स्वतः तो मंत्र सांगतो, आणि काशीखंडाने या आश्वासनातून कृमिकीटकांनाही वगळलेले नाही. मी तसे सांगितले. तिचे समाधान झाले की नाही, मला कळले नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. माणूस गेला म्हणजे आपल्याकडे सुतक असते, दहावा असतो, तेरावा असतो. शेजारून पिठलेभात येतो. दुःखाला तिथी असते. मांजराचे सुतक नाही. आत्याने चार वाजता सवयीने बशीत दूध ओतले आणि ती बशीकडे पाहत उभी राहिली. समोरून अष्टौप्रहर ‘राम नाम सत्य है’ म्हणत प्रेते जातात, तेथे मांजरासाठी रडायचे कसे, याची तिला लाज वाटे. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी ‘दुसरे आणा, गल्लीत पुष्कळ आहेत’ असे म्हणून ती लाज वाढविली. शहाणपण दाखविले ते शेजारच्या मिश्रीणबाईंनी. त्या खिचडीचे पातेले घेऊन आल्या, बसल्या, आणि काही न बोलता तासाभराने गेल्या.

या शोकात लाजण्यासारखे काय आहे? मांजर मेल्यावर प्राचीन मिसरी घरातील सारी माणसे भुवया उतरवीत, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. मांजराच्या वाट्याला मात्र महाभारतात गंगाकाठी हात वर करून तप करणाऱ्या आणि उंदीर गिळणाऱ्या ढोंग्याचीच भूमिका आली; महाबलीपुरमच्या शिल्पातही तो उभा आहे. आपल्या म्हणींनीही तिला डोळे मिटून दूध पिणारी ठरविले. साने गुरुजींनी तेवढा न्याय केला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’च्या अखेरीस आईच्या पाठोपाठ तिचे मांजरही अन्नपाणी सोडून जाते, हे वाचताना ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनी आत्याला हसू नये.

घरात मुले असतील तर त्यांना ‘मनी गावाला गेली’ असे सांगू नये. मूल दाराशी वाट पाहत बसते. मेली, हा शब्दच वापरावा, आणि पुरताना त्यांना बरोबर न्यावे. दुसऱ्या मांजराची घाई तर मुळीच नको.

आत्याच्या बाबतीत मांजरापेक्षाही अधिक काही हरवले होते, हे माझ्या ध्यानात उशिरा येत गेले. पंधरवड्यानंतर मी गेलो तेव्हा ती मला सहज हिंदीत म्हणाली, ‘बैठो.’ मग स्वतःच दचकली. घरात मराठी बोलायला कोणी उरले नव्हते. तेव्हापासून आम्ही घरच्यांनी ठरविले, की दुपारी चार वाजता, मनीच्या दुधाच्या वेळी, कोणीतरी दूरध्वनी करायचा. सोमवार थोरल्याचा, गुरुवार माझा. हिंग जास्त झाल्याची वार्ता आता मला मिळते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूंनाही आपली अशी एकटी राहणारी वडीलधारी माणसे आहेत. कित्येकांना मांजराचीही सोबत नाही. मंडळाने त्यांची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्याकडे मराठीत गप्पा मारायला जावे, अशी माझी सूचना आहे. चिटणीसांजवळ मी कोरी वही देऊन ठेवली आहे. मंगळवार आणि शनिवार मी घेतले आहेत. बाकीचे वार मोकळे आहेत.