दोनशे उड्यांचा अर्थ

नांदेड-लातूरच्या तालुक्यातालुक्यांतून भोकरला आलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, एनसीसीचे अधिकारी, गिर्यारोहणाचे मार्गदर्शक व साहसी खेळांविषयी लिहिणारे मित्रहो,

मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरच्या या गावाचा आणि विंगसूटचा संबंध काय, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये, तसेच दोन पायांच्या मध्ये कापडाचे पंख शिवलेला पोशाख घालून माणूस विमानातून उडी घेतो, खाली येता येता पुढे सरकत राहतो आणि शेवटी पॅराशूट उघडून जमिनीवर उतरतो. असा पोशाख भोकर तालुक्यात कोणाच्या घरी टांगलेला नसेल. पण त्या उड्डाणाची चित्रफीत इथल्या अकरावीतल्या मुलाच्या मोबाइलवर येते, आणि तीत दिसते ते फक्त शेवटचे मिनिट. त्याआधीची शिकण्याची वर्षे दिसत नाहीत. एनसीसीतून निवडलेले छात्र आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅराशूटच्या उड्या शिकतात. हरियाणातल्या नारनौलला नागरिकांना पैसे भरून विमानातून उडी मारता येते. म्हणजे दार किलकिले झालेले आहे, आणि त्या दारापर्यंत जाऊ पाहणारी मुले तुमच्या-माझ्यासमोरच बसलेली असतात. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या खेळात सुरक्षेचे प्रमाण केवळ साहित्याला लावून भागत नाही. ते माणसाच्या कौशल्याला आणि निर्णयाला लावावे लागते, आणि आपल्या देशात ते लिहून काढण्याची वेळ अपघातांच्या आधीची, म्हणजे आताची आहे.

हे कापडी पंख नवे नाहीत. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रान्झ राइशेल्ट या शिंप्याने स्वतः शिवलेला पॅराशूट-कोट घालून आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, ५७ मीटर उंचीवरून, उडी घेतली आणि तो जागीच ठार झाला. पंख लावून उडणारा अमेरिकन क्लेम सोन १९३७ मध्ये आणि फ्रेंच लिओ व्हॅलेंटिन १९५६ मध्ये प्रेक्षकांसमोर मरण पावले. कापडाच्या दोन थरांमध्ये हवा भरून पंखाला आकार देणारा आजचा पोशाख १९९० च्या दशकात पॅट्रिक द गेयार्दोंने घडवला. हजारो उड्या मारलेला हा माणूस १३ एप्रिल १९९८ रोजी हवाई बेटांवर मरण पावला. पोशाखाचे पंख नीट चालत होते. त्याने आपल्या पॅराशूटच्या पिशवीत स्वतः केलेला एक बदल त्याच्या जिवावर बेतला. या मृत्यूपाशी मला थांबावेसे वाटते. त्या क्षणी जगात त्याच्याहून अधिक जाणता विंगसूटधारक नव्हता, आणि तरीही त्याने केलेली शिवण दुसऱ्या डोळ्यांनी तपासली गेली असती तर कदाचित तो वाचला असता. जाणकारी आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणून दुसरी माफ होत नाही. पुढच्याच वर्षी फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन या नावाने हे पोशाख बाजारात आणले, आणि विक्रीच्या बरोबरीने शिकवणारे प्रशिक्षक तयार करण्याची पद्धतही घालून दिली. वस्तू आणि तिचे शिक्षण एकत्रच विकायचे, हा धडा या खेळाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

‘आता साहित्य इतके सुधारले आहे की काळजी कशाची?’ हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर एका छोट्या यंत्रात सापडते. स्कायडायव्हर बेशुद्ध झाला किंवा गोंधळला तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे सायप्रस नावाचे जर्मन यंत्र १९९१ मध्ये आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले. ते उंची आणि वेग मोजते. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर माणूस सेकंदाला ३५ मीटरहून, म्हणजे ताशी सुमारे १२६ किलोमीटरहून अधिक वेगाने पडत असेल तर ते दोरा कापून राखीव छत्र मोकळे करते. साधा स्कायडायव्हर पोटावर पडताना ताशी दोनशेच्या आसपास वेगाने येतो, त्यामुळे हिशेब जुळतो. पण विंगसूट घातलेल्या माणसाचा खाली येण्याचा वेग ताशी साठ-सत्तरपर्यंतही उतरतो. प्रत्येक मीटर खाली येताना तो अडीच-तीन मीटर पुढे जातो. तो बेशुद्ध असला आणि पंख पसरलेलेच राहिले, तर ते यंत्र शांत राहू शकते. यंत्रात काही बिघाड नाही. ते दुसऱ्या माणसासाठी मोजमाप करून बनवलेले आहे. पुढे त्याच निर्मात्याला विंगसूटसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली. पॅराशूट उघडतानाही हेच. पंखांमुळे पाठीमागे खळबळलेल्या हवेचा एक खड्डा तयार होतो आणि मुख्य छत्र ओढून काढणारे छोटे पायलट-शूट त्यात अडखळते. म्हणून ते मोठे घेतात, त्याची पट्टी लांब ठेवतात आणि छत्र चपळ न घेता शांत उघडणारे घेतात. आता प्रमाणीकरणाकडे पाहा. अमेरिकेत हार्नेस आणि राखीव पॅराशूट यांना हवाई प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि राखीव छत्र प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूट बांधणाऱ्या तंत्रज्ञाने, दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा बांधावे लागते. विंगसूटला मात्र तशी मान्यता लागत नाही. पॅराग्लायडरच्या छत्राला युरोपीय चाचणीतून ए ते डी अशी श्रेणी मिळते, आणि ‘बी’वर उडणारा नवखा ‘डी’कडे वळला तर गुरुजी त्याला थांबवू शकतात. विंगसूटवर ‘नवशिक्यासाठी’, ‘निष्णातांसाठी’ ही चिठ्ठी निर्माता स्वतःच लावतो. अशा स्थितीत माणसाची परीक्षा हीच खरी परीक्षा उरते.

मृत्यूंची नोंदही तेच सांगते. इमारती, पूल, कडे अशा स्थिर जागांवरून केलेल्या उड्यांना बेस जंपिंग म्हणतात. १९८१ ते २०११ या काळातल्या अशा १८० मृत्यूंच्या अभ्यासात ३९ मृत्यू विंगसूटचे निघाले. २००२ ते २००७ मध्ये बेसच्या मृत्यूंत विंगसूटचा वाटा १६ टक्के होता, २००८ ते २०११ मध्ये तो जवळजवळ निम्मा झाला. पोशाख तर या काळात सुधारतच होते. बहुतेक माणसे कड्यावर किंवा जमिनीवर आदळली, आणि त्यामागे उड्डाणमार्गाचा अंदाज चुकणे हे मुख्य कारण होते. दोरा तुटला, कापड फाटले, असे नव्हे. डोळ्यांनी आणि मेंदूने केलेला हिशेब चुकला. २०१७ मध्ये नेपाळच्या अमा दबलमवरून उडी घेताना मरण पावलेला व्हॅलेरी रोझोव्ह नवखा होता असे कोणीही म्हणणार नाही. इथे एक भेद ठळकपणे करायला हवा, कारण आपली वर्तमानपत्रे तो करत नाहीत. चार हजार मीटरवरच्या विमानातून उडी घेतलेल्या विंगसूटधारकाकडे चूक दुरुस्त करायला उंची असते, म्हणजे वेळ असतो. कड्यावरून उडी घेणाऱ्याकडे ती नसते. नॉर्वेतल्या केराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० बेस उड्यांत ९ मृत्यू झाले, म्हणजे सुमारे २,३०० उड्यांमागे एक. हा आकडा विमानातून घेतलेल्या उडीला चिकटवणे अन्यायाचे आहे. आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहून ‘आपल्याकडेही जागा आहे’ असे म्हणणारा कोणी विद्यार्थी भेटला, तर त्याला हा भेद समजावल्याशिवाय सोडू नका.

मग शीर्षकातला दोनशे हा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेचा नियम असा की पहिल्या विंगसूट उडीपूर्वी किमान २०० स्कायडायव्ह झालेले असावेत आणि परवाना हाती असावा. हा आकडा जादूचा नाही. १९९ व्या उडीला माणूस अपात्र आणि २०० व्या उडीला सुज्ञ, असे कोणी समजत नाही. दोनशे उड्यांत माणूस बिघडलेले छत्र सोडून राखीव छत्र काढायला शिकतो, वाऱ्यात भरकटला तर कुठे उतरायचे ते ठरवायला शिकतो, आणि घाबरलेला असताना हात दोन्ही बाजूंनी सारखे हलवायला शिकतो. पंख पसरलेल्या स्थितीत हात बांधल्यासारखे असतात, त्यामुळे हे सगळे तोपर्यंत अंगवळणी पडलेले असावे लागते. विमानातून बाहेर पडताच पंख उघडले तर शेपटीला धडकण्याचा धोका असतो. म्हणून आधी मिटलेले राहायचे, मग उघडायचे. शिवाय विंगसूटधारक इतरांसारखा सरळ खाली येत नाही, तो आडवा जातो, म्हणून त्याचा मार्ग वैमानिकाला ठाऊक असायला हवा. फ्रान्समध्ये २०१८ साली एका विंगसूटधारकाला त्याला सोडलेल्या विमानाचाच पंख लागला आणि तो मरण पावला. पुढे न्यायालयाने वैमानिकाला दोषी ठरवले. त्या उड्डाणात माणूस आणि विमान दोन्ही धडधाकट होते. दोघांच्या मार्गांबद्दल आधी नीट बोलणे व्हायला हवे होते.

यावर आपल्याच घरातून एक वजनदार हरकत येते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, कोणत्याही सरावाच्या उडीशिवाय. मग दोनशे कशाला? त्या उडीबद्दल मला मनापासून अभिमान आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद खरा होता. पण ती उडी अपवाद होती, अभ्यासक्रम नव्हता. दोन दशके शेकडो उड्या मारल्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेणाऱ्या शीतलताई आपल्या शाळांनी दाखवायला हव्यात. मुलींना त्या पहिल्या उडीचे धैर्य सांगा, आणि मधली शेकडो उड्यांची वीस वर्षेही तितक्याच मोठ्याने सांगा.

दुसरी बाजू म्हणते की नियम आणले की साहस मरते. तिसरी म्हणते की बंदीच घाला. बंदीचे उत्तर सोपे आहे: बंदी घातलेला खेळ थांबत नाही, तो जाणकारांच्या नजरेआड जातो. नियमांचे उत्तर मात्र आपल्याला मराठवाड्यातच शोधावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली हजारो माणसे गेली. २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढला गेला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला. प्रमाण आले, पण माणसे गेल्यावर आले. ज्या मुलखाने हे भोगले, त्याने ‘अजून इथे कोणी पडलेले नाही’ हे कारण ऐकून घेऊ नये.

कागदावर सुरुवात झालेली आहे, हे मान्य करायला हवे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही साहसी उपक्रमांसाठी धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. केंद्राचे राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जून २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यात पॅराशूटिंगच्या पोटात स्कायडायव्हिंगसह बेस जंपिंग आणि विंगसूट यांचा उल्लेख आहे, मुख्य साहित्याची नोंदणी आहे, आणि शिखर महासंघापासून जिल्ह्यापर्यंत चार पायऱ्यांची रचना आहे. या चौथ्या पायरीकडे मी तुमचे लक्ष वेधतो, कारण ती आपली आहे. दिल्लीत ठरलेला नियम विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणारा माणूस जिल्ह्यात असतो, आणि त्याच्या हातातला कागद बहुधा इंग्रजीत असतो. ‘माझ्या जबाबदारीवर’ असे ज्या अर्जावर लिहिलेले असते, त्याच्या आतल्या अटी न वाचता आपली मुले सही करतात, कारण त्या भाषेत त्यांना धोका दिसतच नाही. न समजलेल्या धोक्याला दिलेली संमती ही संमती नव्हे. ‘पंख मीट’, ‘उंची बघ’, ‘राखीव ओढ’ हे शब्द आणीबाणीत मनात मायबोलीतूनच उमटतात, म्हणून ते शिकवायलाही मायबोलीतूनच हवेत.

आज दुपारच्या सत्रात म्हणूनच एका पानाचा मराठी मसुदा तुमच्यासमोर ठेवणार आहे. विंगसूट किंवा कोणत्याही हवाई उपक्रमाला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी आयोजकाला विचारायचे प्रश्न त्यात आहेत: प्रशिक्षकाच्या उड्या किती आणि शेवटची कधी झाली, राखीव छत्र शेवटचे कोणी आणि कोणत्या तारखेला बांधले, स्वयंचलित यंत्र कोणत्या वेगाला चालू होते, वैमानिकाला मार्ग सांगितला का, आणि नको म्हटले तर पैसे परत मिळतील का. त्यातले कोणते शब्द हिमायतनगरच्या मुलाला कळतील आणि कोणते उदगीरच्या मुलीला अडखळवतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. पेन्सिली आणल्या असतील तर दुरुस्त्या त्याच पानावर करा.