प्रत एक, मापं वाचकाची

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या जिल्हा अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण, यवतमाळ)



अध्यक्षाने अनुदानावर बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. तो प्रश्न खराच आहे आणि दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होणार आहे. मला आज वेगळ्या कामावर बोलायचं आहे. आपल्यातल्या अनेकांनी ते हाती घेतलंय आणि बहुतेकांचं ते निम्म्यावर अडलंय. जुनी पुस्तकं, साप्ताहिकं, स्मरणिका आपण स्कॅन करतो. पानं हार्ड डिस्कमध्ये जमा होतात. तिथून वाचकाच्या हातातल्या मोबाइलपर्यंत मात्र ती पोचत नाहीत.

का पोचत नाहीत? आपण सगळं पुस्तक एकाच पीडीएफमध्ये बांधतो आणि तो शेदीडशे एमबीचा गठ्ठा संकेतस्थळावर ठेवून मोकळे होतो. झरी-जामणीतल्या एखाद्या विद्यार्थिनीला त्यातलं एकच पान हवं असलं, तरी सगळा गठ्ठा उतरवून घ्यावा लागतो. रेंज मध्येच गेली की पुन्हा पहिल्यापासून. हे टाळायचं म्हणून काही जण प्रत्येक पानाच्या आधीच चार-पाच आकारांच्या प्रती करून ठेवतात. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे हजार फायली. अशी हजार पुस्तकं झाली की दहा लाख फायली सांभाळा. पुढे मोबाइलचे पडदे बदलले की ते सगळं पुन्हा करा.

याला चांगला पर्याय आहे. पानाची उत्तम मूळ प्रत एकदाच ठेवायची आणि वाचकाचा पडदा जेवढी रुंदी मागेल तेवढं चित्र सर्व्हरने त्या क्षणी तयार करून द्यायचं. कापडाच्या दुकानात तागा एकच असतो आणि गिऱ्हाईक सांगेल तेवढं फाडून मिळतं, तसंच हे. इथे तागा संपत मात्र नाही. मराठीत हे रोज घडतं आहे. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकाचं मुद्रितशोधन करताना मजकुराशेजारी छापील पानाचं चित्र दिसतं. ते चित्र कोणी हाताने कापून ठेवलेलं नसतं. मूळ स्कॅन एकदाच चढवलेला असतो. चित्राच्या पत्त्यात पान क्रमांक आणि रुंदी लिहिलेली असते आणि ‘थंबर’ नावाची मुक्त प्रणाली त्यावरून चित्र बनवते. ब्राझीलमधल्या ग्लोबो या माध्यमसमूहाने ती आपल्या बातम्यांच्या छायाचित्रांसाठी घडवली होती. ती आज आपल्या ग्रंथांच्या कामी येते, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या एवढ्याशा संग्रहाला मात्र इतका पसारा लागत नाही. इगोर सिसोएव्ह यांनी लिहिलेला आणि 2004 पासून सर्वांना खुला असलेला ‘एनजिनेक्स’ हा वेब सर्व्हर साध्या जुन्या संगणकावरही चालतो. चित्रं लहान करण्यासाठी त्याचं ‘इमेज फिल्टर’ नावाचं जोडसाधन आहे. ते आपोआप जोडलेलं नसतं, वेगळं जोडून घ्यावं लागतं. मग मांडणीच्या फायलीत एक ओळ लिहायची: रिसाइझ, पुढे रुंदी 720, आणि उंचीच्या जागी नुसती आडवी रेघ. उंची प्रमाणात आपोआप ठरते. हे साधन चित्र लहान करतं, मोठं करून देत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मूळ स्कॅन 300 डीपीआयच्या खाली करू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आणखी दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. या साधनाला जेपेग, पीएनजी, गिफ आणि वेबपी एवढीच रूपं कळतात. आपल्या जपणुकीच्या प्रती टिफमध्ये असतील तर त्यांच्यावरून एकदा जेपेग काढून ती सर्व्हरला द्यावी लागेल. दुसरी अडचण हमखास येते. चित्र वाचायला ठेवलेली जागा मुळात 1 एमबीचीच असते. आपलं पान त्याहून जड असलं की सर्व्हर 415 क्रमांकाची चूक दाखवून हात वर करतो आणि माणसाला वाटतं, स्कॅनच बिघडला. स्कॅनमध्ये काही बिघाड नसतो. ती मर्यादा वाढवली की पान उघडतं.

आता आपल्या लिपीबद्दल, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही. साडेपाच इंच रुंदीचं पान 720 बिंदूंवर आणलं, तर एका मिलिमीटरला साधारण पाच बिंदू येतात. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम अडीच. तेच पान 360 वर आणलं की अनुस्वाराला सव्वा बिंदू उरतो, आणि ‘मंद’चा ‘मद’ व्हायला वेळ लागत नाही. भरीला जेपेग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून माहिती कमी करतं. त्यामुळे शिरोरेघेभोवती करडी जाळी उमटते आणि रफार तिच्यात बुडतो. एनजिनेक्सची जेपेगची ठरलेली गुणवत्ता 75 आहे. फोटोंना ती चालते. छापील देवनागरीसाठी ती 85च्या पुढे न्यावी, चित्राला थोडी धार द्यावी आणि वाचायच्या पानाची रुंदी 720च्या खाली उतरवू नये, असं माझं मत आहे. लहान आकार फक्त मुखपृष्ठांच्या यादीसाठी ठेवावा. आणि अक्षरओळख करून मजकूर काढायचा असेल, तर तो नेहमी मूळ प्रतीवरूनच काढावा.

मागणीबरहुकूम चित्र बनवण्याची किंमत सर्व्हरच्या स्मृतीत मोजावी लागते. बापूजी अणे यांनी याच यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं होतं. त्या काळातलं एखादं वर्तमानपत्र 15 बाय 22 इंचांचं धरा. 300 डीपीआयला त्याचे सुमारे 3 कोटी बिंदू होतात आणि उलगडल्यावर स्मृतीत ते 120 एमबी जागा घेतं. हे चालू असताना सर्व्हरची ती प्रक्रिया अडकलेली असते आणि तिच्याकडे आलेले बाकीचे वाचक ताटकळतात. म्हणून एकदा बनलेलं चित्र साठवून ठेवायचं. मांडणीत दोन भाग करायचे: बाहेरचा भाग वाचकाला सामोरा जातो आणि साठवलेलं असेल तेच देतो, आतला भाग फक्त त्याच्याच सांगण्यावरून चित्र घडवतो. पहिल्या वाचकाला क्षणभर थांबावं लागतं, पुढच्यांना नाही. गावात भारनियमन असलं तर याचं मोल आणखी कळतं, कारण वीज आल्यावर सर्व्हरला तीच कामं पुन्हा करावी लागत नाहीत. साठा डिस्कवर जसाच्या तसा असतो.

मात्र पत्त्यात कोणतीही रुंदी चालेल अशी मोकळीक देऊ नका. एखाद्याने 501, 502, 503 असं मागत जायचं ठरवलं, तर प्रत्येक वेळी नवं काम निघतं आणि डिस्क भरून जाते. 360, 720, 1080 आणि 1600 एवढ्याच रुंदी मान्य कराव्यात, बाकी मागण्या परत पाठवाव्यात. पत्त्यावर गुप्त किल्लीची सही जोडायची सोयही एनजिनेक्समध्ये आहे, ती वापरावी. चित्रं उघडणाऱ्या प्रणाल्या वेळोवेळी अद्ययावत करणंही तितकंच गरजेचं आहे. इमेजमॅजिक या फार वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत 2016 मध्ये असा दोष सापडला होता, की मुद्दाम घडवलेलं एक चित्र चढवून सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. म्हणून अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल थेट या यंत्रणेत सोडू नये.

संग्रह वाढला की एनजिनेक्सवर थांबू नये. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांनी मिळून ‘ट्रिपल-आय-एफ’ नावाची पद्धत ठरवली आहे. तिच्यात पत्त्यातच क्रमाने पानाचा भाग, आकार, फिरवण्याचे अंश, दर्जा आणि फायलीचं रूप लिहितात. वर्तमानपत्राच्या पानावरचा एकच रकाना, किंवा सरकी-कापसाच्या भावांची एकच चौकट, थेट पत्त्याने दाखवता येते. पुसदचा अभ्यासक लेखाखाली तो पत्ता देईल आणि लंडनमधला वाचक तोच रकाना उघडेल. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना पुरावा असा बोट ठेवून दाखवता आला, तर त्यांच्या लेखनाला मोठं बळ मिळेल.

म्हणून या अधिवेशनापुढे माझी मागणी ठेवतो. प्रत्येक ग्रंथालयाने वेगळा सर्व्हर घेण्याचं कारण नाही. जिल्ह्यासाठी एक असावा. मूळ प्रतींवरचा हक्क आणि त्यांची एक जुळी प्रत ज्या त्या ग्रंथालयाकडे राहावी. प्रत्येक पानाला आज दिलेला पत्ता यंत्र बदललं तरी बदलू नये, हे ठरावात स्पष्ट लिहावं. मांडणीची फाइल मराठी टिपांसह प्रत्येक तालुक्याला द्यावी. आणि कामाची सुरुवात साहित्य संमेलनांपासून करावी. 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन यवतमाळात भरलं. त्या दोन्ही वेळची छायाचित्रं, निमंत्रणं, स्मरणिका ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात स्कॅनसाठी आणून द्यावीत. स्कॅन झालं की मूळ वस्तू त्याच दिवशी परत द्यायची आणि देणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने चित्राच्या नोंदीत लिहायचं.