तोंड न पाहिलेली माउली



2020 आन् 2021, अशी दोन वर्षं पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, मी कोरोनानं दवाखान्यात पडून होतो. ऑक्सिजन 80 वर आलेला. घरच्या माणसाला आत सोडत नव्हते. शेजारच्या दोन खाटा माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या.

डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलं. तसं झोपलं की गळ्यातली माळ रुतायची. माळ काढायची नाही, हे आपलं व्रत. मी काही बोललो नाही, पण रात्रपाळीच्या सिस्टरनं ते हेरलं. "बाबा, माळ राहू द्या," म्हणाली, आन् माळेखाली कापसाची घडी सरकवली. रोज रात्री ती घडी बदलायची, चमच्यानं पेज पाजायची. अंगात तो प्लास्टिकचा झगा. पाळी संपेपर्यंत तिला स्वतःला पाण्याचा घोट घेता येत नव्हता.

तिचं तोंड मी पाहिलं नाही. उद्या समोर आली तरी ओळखणार नाही. मग हे ऋण फेडायचं कुणापाशी?

आपण वारकरी वय-जात न बघता एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात विठ्ठल. तसंच हे. दिसेल ती सिस्टर माझ्यासाठी तीच.

दिंडीला एवढीच विनंती. मुक्कामावर आरोग्य पथकातल्या बाया आपल्या पायाचे फोड बांधतात. पंगत बसली की पहिलं पान त्यांचं वाढा, मग आपलं.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!