पटावरचा साप आणि वहीतील फुली
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी मला आज्ञा केली. मी विषय कळविला तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, बक्षिसे द्यावयाची अभ्यासाची, आणि आपण बोलणार खेळावर?” त्यांचे हसणे अगदी स्वाभाविक होते. ‘खेळ पुरे, आता अभ्यासाला बैस’ हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे आणि मोठेपणी ऐकविले आहे. मी तर ते अनेक वर्षे पगार घेऊन ऐकविले.

1983 साली माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. विटीदांडूच्या खेळात सर्व गावाचा हिशेब त्याच्या तोंडी असे. वकट, लेंड, मूंड, नाल ही आपल्या विटीदांडूची मोजणी मूळ तेलुगू अंकांची आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते; ती मोजणी आणि दांडूची मापे तो मुलगा क्षणात जुळवी. कोणावर किती चढले, कोणाचे किती फिटले, यात त्याची कधी चूक होत नसे. परंतु हातच्याची वजाबाकी पाटीवर घातली की त्याचे हात थंड पडत. मी त्याच्या वहीत तांबड्या फुल्या मारीत गेलो. प्रत्येक पानावर फुल्या, आणि खाली माझी सही. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरी बोलावणे पाठविले, तेव्हा त्याच्या आईने निरोप दिला, “त्याला वहीची भीती वाटते.” मुलाला माझी भीती वाटती तर मी समजलो असतो, वहीची भीती वाटावी हे मला फार लागले.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचा विचार करू लागलो. खेळात हरलेले मूल पुन्हा डाव मागते. मग गणितात चुकलेले मूल दुसरे उदाहरण का मागत नाही? खेळात गाणी आणि रंग असतात म्हणून मुले रमतात, असे समजून आपण धड्याला गाणे जोडतो, फळ्यावर चित्र काढतो. त्याने वर्ग घटकाभर हसतो, इतकेच. विटीदांडूत कोठे रंग आहेत? खरी गोष्ट निराळी आहे. खेळात नियम सर्वांस आधी ठाऊक असतात. चूक झाली की ती कोणी न सांगता दिसते. आणि चुकीनंतर पुन्हा आपली पाळी येते. पटावर साप डसला म्हणजे मूल हळहळते, सोंगटी खाली आणते आणि पुन्हा फासे हाती येण्याची वाट पाहते. त्याला कोणी ‘ढ’ म्हणत नाही. वहीतली फुली मात्र जेथल्या तेथे राहते. तिच्यापुढे डावच नसतो.

सापशिडीचा उल्लेख केला तो सहज नव्हे. आपल्याकडे हिचे जुने रूप मोक्षपट. तो श्रीज्ञानदेवांनी रचला अशी परंपरागत समजूत आहे. ती इतिहासाने सिद्ध झाली आहे असे मी म्हणत नाही. त्या पटावरील साप हे दुर्गुणांचे आणि शिड्या सद्गुणांच्या. शिकविण्याचा हेतू स्पष्टच आहे. तथापि शिक्षक म्हणून मला त्यात एक उणीव दिसली. दान पडेल तसे जावयाचे, म्हणजे मुलाने ठरवावे असे काहीच उरत नाही. म्हणून मी वर्गासाठी शंभर घरांचा पट रंगविला आणि नियम बदलला. दोन फासे टाकावयाचे. आलेल्या आकड्यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार, यांपैकी जे सोईचे असेल तितकी घरे पुढे जावयाचे. पाच आणि तीन पडले तर आठ, दोन किंवा पंधरा. सोंगटी एकेचाळिसाव्या घरात असली तर मूल एकोणपन्नास, त्रेचाळीस आणि छप्पन्न ही तिन्ही घरे मनात पाहून येते. कोठे साप आहे, कोठे शिडी आहे, हे ताडते आणि मग हात हलविते. एका डावात तीन उदाहरणे झाली, आणि ती मी घातलेली नव्हेत. समोरचा भिडू तीच उदाहरणे दुप्पट काळजीने तपासतो, कारण त्याला चूक पकडावयाची असते. इतके कसून वह्या तपासणारा शिक्षक मी अद्याप पाहिलेला नाही.

याहून मोठी देणगी मला देवळालीच्या एका शिक्षकाकडून मिळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणूस झाला. देवळालीच्या शाळेत त्यांनी 1962 पर्यंत अध्यापन केले. संख्यांशी खेळण्याचा त्यांना नाद होता, आणि त्या नादापायी लोक त्यांस हसतही असत. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगास त्यांची ओळख झाली. 1986 साली ते निवर्तले. त्यांनी 1949 साली जाहीर केलेला शोध मी एका शिक्षक-मेळाव्यात ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात नेला.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारी अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ 1947 घेऊ. 9741 मधून 1479 गेले, 8262 उरले. 8622 मधून 2268 गेले, 6354. पुढे 3087, मग 8352, आणि त्यानंतर 6174. येथे गाडी थांबते. पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी 6174 च येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघा, सात पावलांच्या आत याच मुक्कामाला पोहोचाल. मध्येच 999 आले तर पुढचे शून्य विसरू नये, 0999 धरावे, एवढे पथ्य.

आता यातील शिक्षकाच्या उपयोगाचे मर्म पाहा. यातील बहुतेक प्रत्येक वजाबाकी हातच्याची आहे. मुक्कामाचे गाव आधीच ठाऊक आहे. सात पावलांत ते आले नाही तर वाटेत कोठे तरी चूक झाली, हे मुलाला स्वतःलाच कळते. कोणत्या पावलाला चूक झाली हेही बहुधा शोधता येते, कारण प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच यावयास हवी. 8262 ची अठरा, 3087 चीही अठरा. बेरीज सतरा आली तर मूल आपणच मागे वळते. तांबड्या पेन्सिलीची गरज उरत नाही. त्या दिवशी मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली, आणि वर्ग उठेना. मला मात्र त्या चौथीतल्या मुलाची आठवण होऊन बाहेर व्हरांड्यात जावे लागले.

माझे सर्वच प्रयोग साधले असे नव्हे. एका वर्षी मी भिंतीवर तक्ता लाविला आणि बरोबर उत्तराला एक चांदणी देऊ लागलो. पहिल्या आठवड्यात उत्साहाला भरते आले. महिन्याभरात पुढची पाच मुले चांदण्यांसाठी सोपी उदाहरणे मागू लागली, मागच्या दहांनी तक्त्याकडे पाहणे सोडले, आणि एका गुणी मुलीने शेजारणीचे उत्तर उतरविले. मी तक्ता काढून टाकला. पुढे वाचनात आले की 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांवर प्रयोग केला होता. ज्यांना बक्षिसाचे आधी आमिष दाखविले, त्यांची चित्रांची गोडी नंतर कमी झाली. ज्यांना ते अकस्मात मिळाले, त्यांची झाली नाही. मोबाइलवरील खेळ करणारे लोक चांदण्यांची ही कला पुरेपूर जाणतात. मुलाला गुंतवून ठेवणे एवढाच त्यांचा व्यवहार असतो.

बक्षीस समारंभात उभे राहून मी हे बोलतो आहे, याची मला जाणीव आहे. आपली बक्षिसे बंद करावीत असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलांनी श्रम केले त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु आपली यादी ऐंशी टक्क्यांशी थांबते. त्याखालच्या मुलांचे आईबाप आज या सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसले आहेत, आणि काही तर आलेलेच नाहीत. त्या घरांतील मुलांसाठी संस्थेने वर्षभर काय केले, हा प्रश्न मी कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. वरच्या मजल्यावरचे लाकडी कपाट गेली कित्येक वर्षे रिकामे आहे. त्यात दहा पट, फासे आणि सोंगट्या ठेवाव्यात; रविवारी सकाळी दोन तास दार उघडावे; टक्के कोणास विचारू नयेत. दार उघडण्याचे आणि बसण्याचे काम मी करीन.

पहिला पट मी रंगवून आणला आहे. तो आता अध्यक्षांच्या हाती देतो, आणि किल्ली कोणाकडे आहे ते चिटणिसांनी मला सांगावे.