उतरत्या खेळाडूचे मोल

कालक्याहून दिल्लीकडे निघालेली शताब्दी गाडी चंडीमंदिराच्या लहानशा स्थानकावर थांबत नाही. ज्या देवीवरून चंदीगडला नाव मिळाले, तिचे देऊळ तेथलेच. याच मार्गाच्या शताब्दीत २२ ऑगस्ट २००६ रोजी सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली व ती संदीप सिंग या वीस वर्षांच्या हॉकीपटूला लागली. विश्वचषकासाठी जर्मनीला जाणारा हा तरुण चाकांच्या खुर्चीला खिळला. मात्र २००९ साली तोच भारताचा कर्णधार होऊन अझलन शाह करंडक जिंकून आला.

अशा खेळाडूची किंमत ठरवायची कशी? हा प्रश्न १६ डिसेंबर २०१२ रोजी हॉकी इंडिया लीगच्या लिलावात मुंबईच्या संघापुढे आला. वेळ मोठी विचित्र होती. फेब्रुवारीत ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत संदीपने सोळा गोल केले होते, त्यांतील पाच एकट्या अंतिम सामन्यात, फ्रान्सविरुद्ध. पुढे लंडनला भारत बाराव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर राहिला, संदीपचा फ्लिकही तेथे बोथट ठरला आणि वर्ष संपता संपता त्याला राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले.

तरीही २७,८०० डॉलरपासून सुरू झालेली बोली ६४,४०० डॉलरवर थांबली. सरदार सिंगला दिल्लीने ७८,००० दिले, ते भर बहरातल्या खेळाडूला. मग मुंबईने पाहिले तरी काय? पेनल्टी कॉर्नरवर पहिलाच फटका जोराने मारला, तर चेंडू गोलच्या तळफळीच्या उंचीत, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या आतच राहावा लागतो. फ्लिकला ती मर्यादा नाही. सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर उंचीचा सारा गोल त्याला मोकळा असतो. पाय मंदावले, बचावात चुका होऊ लागल्या, तरी मनगट व कंबर यांची ही विद्या लवकर आटत नाही. मुंबईने खेळाडू नव्हे, ही विद्या विकत घेतली, आणि हिशेब चुकला असे म्हणवत नाही. त्या हंगामात अकरा गोल करून संदीप लीगमध्ये सर्वांच्या पुढे राहिला.

मुंबई मात्र पाच संघांत तळाशी गेली! स्पर्धा सुरू होताच पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावे लागले, त्यांत मुंबईचे चौघे होते. अकरा जणांच्या खेळात एकाचा फ्लिक उरलेल्या दहा जागा भरून काढील, अशी अपेक्षा ठेवणेच भाबडेपणाचे होते. चढी बोली लावणाऱ्यांना हे लिलावाच्या दालनात सहसा आठवत नाही.

बाजारभाव केवळ खेळाडूच्या हातात नसतो, हे २०१६ साली अधिकच स्पष्ट झाले. त्या वर्षी लीगने मैदानी गोलाला दोन गोलांचे मूल्य दिले आणि पेनल्टी कॉर्नरवरचा गोल एकच धरला. ज्या विद्येसाठी मुंबईने इतकी रक्कम मोजली होती, तिचे मोल एका नियमाने निम्म्यावर आले.