डायच्या इंजेक्शनआधी सांगायच्या चार गोष्टी

आमच्या बचत गटातली एक ताई सकाळच्या एसटीनं मुरबाडहून कल्याणला सीटी स्कॅनला गेली. दुपारपर्यंत उपाशी बसली. मग विचारणा झाली, "क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठे आहे?" ती रक्ततपासणी करून आणायला कुणी सांगितलंच नव्हतं. भाडं गेलं, मजुरी बुडाली, स्कॅन राहिला. म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही ठरवलं, हे सगळ्यांना सांगायचं.

एक्स-रेत हाडं पांढरी दिसतात, पण रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं नीट वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून शिरेतून औषध देतात. आपण त्याला ‘डाय’ म्हणतो, पण ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. त्यातलं आयोडीन क्ष-किरणांना अडवतं, म्हणून औषध पोचतं तो भाग पांढरा उठून दिसतो. मूत्रपिंडं ठीक असली तर साधारण एका दिवसात ते लघवीवाटे निघून जातं. क्रिएटिनिन आधी बघतात ते याचसाठी.

औषध जाताना अंग गरम होतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. लाजू नका, थोड्या वेळात ते जातं. पण खाज सुटली, गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला, तर लगेच हाक मारा.

आधीच सांगायच्या चार गोष्टी अशा. एक, पूर्वी या इंजेक्शनचा त्रास झाला होता का. दमा किंवा कसली ॲलर्जी आहे का. दोन, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉईडचा आजार. तीन, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी. ती बंद ठेवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आपण मनानं थांबवायची नाही. चार, पाळी चुकली असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात हे औषध अगदी थोडं उतरतं. सहसा पाजणं थांबवावं लागत नाही, तरी विचारून घ्या. आणि कोळंबी सोसत नाही म्हणजे डाय चालणारच नाही, हा गैरसमज आहे.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, मगच सही किंवा अंगठा द्या. त्रास झालाच, तर औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या आणि जुन्या रिपोर्टांसोबत जपून ठेवा.

आमची ताई दुसऱ्यांदा गेली ती रिपोर्ट घेऊन, गटातल्या एकीला सोबत नेऊन. तुमच्याही गटात कुणी स्कॅनला निघाली, तर तिला एकटीला पाठवू नका.