फामागुस्ता, एकास पस्तीस

पोळ्याच्या आधी मेहकर, चिखलीच्या बाजारात मातीचे बैल विकायला येतात. एखादे आजोबा नातवासाठी जोडी घ्यायला वाकतात, एक बैल उचलून तळहातावर फिरवतात आणि परत जागेवर ठेवतात. "वशिंड लय मांगं गेलं बापा याचं." कुंभारही वाद न घालता दुसरी जोडी पुढं सरकवतो. बैल टीचभर मातीचा, पण ज्यांचं आयुष्य बैलांमागं गेलं त्यांच्या नजरेला गव्हाच्या दाण्याएवढी चूकसुद्धा खुपते.

श्रोतेहो, हीच नजर लागणारा एक छंद आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याची प्रतिकृती तयार करायची किट मिळतात. खोक्यात दोन-तीनशे भाग असतात, काड्यांच्या चौकटींना चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. पुष्कळांचं काम इथं पूर्ण होतं. काहींचं मात्र इथून सुरू होतं. खऱ्या रणगाड्याचे फोटो आणि मोजमापं समोर ठेवून ते किटमधल्या चुका टिपतात, राहून गेलेल्या गोष्टी शोधतात आणि तो तो भाग पत्रा, तार, प्लॅस्टिकची शीट यांतून स्वतःच्या हातानं घडवतात. छंदाच्या दुनियेत याला स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात.

या किटचं सर्वांत चालणारं प्रमाण एकास पस्तीस. हा आडनिडा आकडा आला कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर या जर्मन रणगाड्याचं किट काढलं. ते मोटरवर चालणारं होतं. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, या हिशेबानं आकार ठरला आणि प्रमाण भरलं एकास पस्तीस. पुढं इतर कंपन्यांनीही तेच उचललं. पण त्या मोटरची किंमत बरीच वर्षं चुकवावी लागली. जुन्या किटमध्ये तळाला बटणासाठी भोकं असायची. साखळपट्ट्यांच्या वरची जागा खालून उघडीच असायची. रणगाडा उलटा केला की थेट आतली पोकळी दिसायची. खऱ्या रणगाड्याला तिथं पोलादी तळ असतो. ती भोकं बुजवणं आणि तो तळ शीटमधून कापून बसवणं, अनेकांच्या हातून झालेली पहिली दुरुस्ती हीच.

एकास पस्तीस म्हणजे किती, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला चटकन समजावं म्हणून लोणार घेऊ. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि सुमारे दीडशे मीटर खोल. या प्रमाणात ते केलं तर रुंदी ५१ मीटर आणि खोली सव्वाचार मीटर होईल. मोठ्या शेततळ्याएवढं लोणार! त्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस आगपेटीएवढा, जेमतेम पाच सेंटीमीटरचा.

आता कोणता रणगाडा करायचा? महाराष्ट्रातल्या माणसानं एकच करायचा असेल, तर तो सेंच्युरियन करावा. दुसरं महायुद्ध संपता संपता इंग्लंडमध्ये तयार झालेला हा रणगाडा. वजन सुमारे ५१ टन, आत चार माणसं, ८४ मिलिमीटर व्यासाची तोफ. भारतीय सैन्यात तो पूना हॉर्सकडे होता. ही रेजिमेंट १८१७ साली पुण्यात उभी राहिली आणि तिचं नाव आजही पुण्याचंच आहे. १९६५च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सेंच्युरियनवरून लढतानाच प्राण दिला. त्यांचा जन्म मुंबईचा.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ भागात बसंतर नदी ओलांडून पुढं गेलेल्या पूना हॉर्सवर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. जरपालजवळच्या त्या लढाईत एका सेंच्युरियनवर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. पुण्यात जन्मलेले, वय २१. रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, बाहेर पडायचा आदेश आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं आणि ते लढत राहिले. नंतरच्या गोळ्यानं त्यांचा प्राण गेला. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता आणि क्रमांक जेएक्स २०२.

किटच्या खोक्यातून निघतो तो कुठल्याही देशाचा, कुठल्याही सालचा सेंच्युरियन. त्यातून त्या दिवशीचा फामागुस्ता काढायचा, हे खरं काम. एका तरुणाची ती शेवटची जागा असल्यामुळं 'चालतंय, कुणाला कळणार आहे' हे वाक्य इथं तोंडातून निघू नये.

सुदैवानं खरा फामागुस्ता फार लांब नाही. लढाईनंतर तो दुरुस्त करून अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे. त्याच शहरात १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता, युद्धात हाती आलेले पॅटन आणि रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर उभारलेली चिलखती गाडी तिथं बघायला मिळते. बुलढाण्याहून एसटीनं जायचं तर जाण्या-येण्यात दिवस मोडतो. मोडू द्यावा. पन्नास टनांच्या यंत्राशेजारी उभं राहिलं, की फोटोत कधीच न दिसलेली गोष्ट लक्षात येते. तोफेचा बुरूज, ज्याला सैन्यात टरेट म्हणतात, तो गुळगुळीत नसतो. ओतीव पोलादाला भाकरीच्या पाठीसारखा खरबरीतपणा असतो, आणि किटमध्ये तोच भाग काचेसारखा चकचकीत येतो.

संग्रहालयावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तिथले रणगाडे रंगाचे थरावर थर चढलेले, परेडला निघाल्यासारखे नीटनेटके असतात. लढाईत असताना त्यांच्यावर दोरखंड, पेट्या, पाण्याचे डबे, जाळ्या, ताडपत्र्या लादलेल्या असत. म्हणून पोलादाचा पोत संग्रहालयात बघायचा आणि लादलेलं सामान युद्धकाळातल्या फोटोंत. तोफेच्या नळीचंही तसंच. सेंच्युरियनच्या या तोफेचे दोन नमुने होते. एकाच्या नळीवर मधोमध धूर ओढून घेणारा फुगीर भाग आहे, दुसऱ्याच्या नळीवर तो नाही. किटमध्ये दिली आहे म्हणून कुठलीही नळी चिकटवायची नाही. फोटो बघून ठरवायचं आणि मगच चाकू उचलायचा.

पहिल्यांदा हाती घ्यावा मडगार्ड. किटमधल्या मडगार्डची जाडी साधारण एक मिलिमीटर असते, कारण साच्यात प्लॅस्टिक यापेक्षा फार पातळ उतरत नाही. या एक मिलिमीटरला पस्तीसनं गुणलं की साडेतीन सेंटीमीटर. एवढ्या जाडीचा पत्रा म्हणजे चिलखतच झालं! खरा मडगार्ड दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा असतो, झाडाला घासला तरी वाकणारा. त्याला जवळपास जुळणारा पत्रा कुठल्याही पानटपरीसमोर पडलेला मिळतो, थंड पेयाच्या रिकाम्या कॅनच्या रूपात. कॅनची भिंत साधारण ०.१ मिलिमीटरची. पस्तीसनं गुणा, साडेतीन मिलिमीटर.

कॅनचं तोंड आणि बूड कात्रीनं उडवायचं, उभा चिरून पत्रा उलगडायचा. टेबलाच्या कडेवरून दोन-चार वेळा ओढला की त्याची गुंडाळी मोडते. गॅसच्या आचेवरून एकदा झर्रकन फिरवला की तो मऊ पडतो. जास्त वेळ धरला तर वितळतो. मग किटमधला मडगार्ड ब्लेडनं अलगद सोडवून पोस्टकार्डावर त्याचा आकार काढून घ्यायचा आणि त्या बरहुकूम पत्रा कापायचा. मडगार्डवरच्या उठावाच्या रेघांसाठी जुन्या रबरी स्लिपरचा तळ लागतो. त्यावर पत्रा पालथा ठेवायचा आणि पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ मारायची. पत्रा सुलटा केला की रेघ वर उठलेली दिसते. शेवटी चिमट्यानं एक कोपरा किंचित मुरडायचा, कारण लढाईत उतरलेल्या रणगाड्याचा मडगार्ड सरळ राहत नाही. प्लॅस्टिक जोडायचं सोल्युशन पत्र्याला धरत नाही. इथं फेविक्विकच हवं, आणि तेही टाचणीच्या टोकानं, थेंबाथेंबानं.

वेल्डिंगचे सांधे हा पुढचा धडा. पोलादी तक्ते जिथं जोडले जातात तिथं वितळलेल्या धातूची जाड, लहरींची ओळ दिसते. खरी वीस मिलिमीटर रुंद असेल तर इथं ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. किटमध्ये बहुतेक वेळा तिथं नुसती खाच असते. त्यासाठी नळ गळायला लागल्यावर आणतो ते एम-सील उपयोगी पडतं. दोन्ही वड्या सारख्या घेऊन मळायच्या, पावडर लावलेल्या काचेवर दोऱ्यासारखी शेवई वळायची, ओल्या कुंचल्यानं सांध्यावर बसवायची आणि शिवणाच्या सुईनं शेजारी शेजारी दाबत जायचं. प्रत्येक दाबाला एक चंद्रकोर उमटते. घट्ट व्हायच्या आत ओळ पुरी झाली पाहिजे, त्यामुळं एका बैठकीत एकच सांधा घ्यावा. टरेटचा खरबरीतपणा आणायला गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्याला लावतात ती एनसी पुट्टी थिनरमध्ये पातळ करून जुन्या टूथब्रशनं ठिपक्यांत मारतात. खिडकी उघडी ठेवून, कारण थिनरचा वास डोक्यात जातो.

ओढायचा दोरखंड किटमध्ये सुती दोऱ्याचा मिळतो आणि त्यावर लव असते. पस्तीस पटीत ती लव म्हणजे दोरखंडाला फुटलेली झाडंझुडपंच. तो टाकून द्यावा. विजेच्या वायरीतले तांब्याचे बारीक धागे एकत्र घेऊन, एक टोक खिळ्याला आणि दुसरं ड्रिलला अडकवून पीळ दिला, की पोलादी दोर हुबेहूब उतरतो. हाताच्या पकडीच्या कड्यांनाही तोच एक धागा पुरतो.

तोफेच्या नळीसाठी मात्र दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. किटची नळी दोन अर्ध्या भागांची असते. सांधा घासता घासता ती गोल राहत नाही, आणि तोफ गोल नसली की सगळं काम वाया. खरी नळी सुमारे साडेपाच मीटरची, म्हणजे इथं सोळा सेंटीमीटरच्या आसपास, टोकाकडं निमुळती, तोंडाशी २.४ मिलिमीटरचं भोक. मलकापूर किंवा खामगावच्या लेथवाल्याला ॲल्युमिनियमची सळी आणि कागदावर काढलेलं माप द्यावं. रोज शाफ्ट आणि बुश काढणाऱ्या हाताला हे काम अवघड नाही.

आणि खामगाव म्हटलं की चांदी आलीच. तिथले कारागीर ज्या हत्यारांनी काम करतात, ती भोकाभोकांतून तार ओढून बारीक करणारी पट्टी, केसाएवढ्या दात्यांची करवत, बारीक कानस, डाग द्यायची फुंकणी, तीच हत्यारं इथं लागतात. परदेशातून येणारे पितळी पत्र्याचे तयार भाग कधी कधी मूळ किटपेक्षाही महाग पडतात. इंजिनावरची जाळी किंवा दिव्याभोवतीचा पिंजरा करायचा तर पितळी तारेला डाग कसा द्यायचा, हे चांदीकाम करणाऱ्याकडं तासभर बसून शिकलेलं कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतं. गावात इतकी जुनी विद्या आहे, तिला हा नवा विद्यार्थी मिळावा असं मनापासून वाटतं.

रंग लावल्यावर चिखल. आपल्या शेतातली काळी माती इथं चालत नाही. बसंतरच्या काठची माती मैदानी गाळाची, फिकट. त्यासाठी नदीपात्राच्या कडेला सुकलेला पांढुरका गाळ आणावा आणि मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करावा. एक मिलिमीटरचा खडा आत राहिला तर तो लिंबाएवढा दगड दिसतो. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये ही माती कालवून चाकांच्या आतल्या बाजूला आधी लावायची, मग साखळपट्ट्यांच्या सांध्यांत. बाहेरचा चिखल चालता चालता झडतो, आतला साचून राहतो.

सगळ्यात शेवटी नाव आणि क्रमांक. ज्या जागी, ज्या उंचीचा फोटोत दिसेल, तसाच. खऱ्या रणगाड्यावरचं दहा सेंटीमीटरचं अक्षर इथं तीन मिलिमीटरपेक्षाही लहान होतं. शून्य नंबरच्या कुंचल्याचे केस कापून दोन-तीनच ठेवायचे, कोपर टेबलावर टेकवायचं, पांढरा रंग दुधासारखा पातळ करायचा. जेएक्स २०२ आधी. तो सुकला की इंग्रजी लिपीत फामागुस्ता, नऊ अक्षरं. एक अक्षर वाळल्यावरच दुसरं.